गाडीत कोण कुठे बसलंय ते बघा

नमस्कार मंडळी. मागे फळ्यावर विषय लिहिलाय 'अलीकडचे तमिळ सिनेमे', तो माझा नाही. मी दिलेला विषय होता 'तमिळ सिनेमातल्या गाड्या'. संयोजकांना वाटलं लोक आरटीओचं शिबिर समजून येणार नाहीत, म्हणून बदलला. पण मी बोलणार गाड्यांवरच. माझं म्हणणं एवढंच की गेल्या चार-पाच वर्षांतले चांगले तमिळ सिनेमे घ्या, त्यात गाडीत कोण कुठे बसलंय, कोणासाठी गाडी थांबते आणि कोणासाठी थांबत नाही, एवढं जरी नीट बघितलं तरी निम्मा सिनेमा कळतो. हिरोची एन्ट्री नंतर बघा, आधी सीट बघा. हसू नका, रजनीकांत स्वतः बंगलोरला बस कंडक्टर होता, म्हणजे माझ्या थिअरीला पाया आहे.

तर त्याकडे येतोच, त्याआधी एक तक्रार, दोनच मिनिटं. 'कुली' आला ना, १४ ऑगस्ट २०२५ ला, दिग्दर्शक लोकेश कनगराज आणि हिरो रजनी, म्हणजे आपण जाणारच. मी मोबाईलवर नीट बघून तमिळ शोचं तिकीट काढलं, भाषा तमिळ, खाली सबटायटल, सगळं लिहिलेलं. थेटराचं नाव घेत नाही, तुम्ही सगळे तिथेच जाता. आत बसलो, लाईट गेले आणि पहिलाच माणूस तोंड उघडतो तो हिंदीत. मला वाटलं जाहिरात असेल. मग दुसरा बोलला, तोही हिंदीत. बाहेर गेलो, पॉपकॉर्नच्या काउंटरवर सांगितलं, त्याने तिकीट काउंटरवर पाठवलं, तिथल्या पोराने मॅनेजरला फोन लावला, मॅनेजर आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "सर, तुम्हाला हिंदी समजतं ना, मग प्रॉब्लेम काय?" आता यावर काय बोलणार? मी म्हटलं मला तमिळ समजत नाही म्हणून तर तमिळ बघायचाय. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आमच्या हिला फोन करतात की काय असं वाटलं. पैसे परत मिळाले नाहीत, वर ते म्हणाले तमिळ प्रिंट लावली तर बघणारे तुम्ही एकटेच. ते मात्र खरं होतं.

पण माझा राग तिकिटाच्या पैशांचा नाही हो. डबिंगमध्ये काय होतं, की तिरुनेलवेलीचा शेतमजूर, मदुराईचा ऑटोवाला आणि चेन्नईचा आयटीवाला, तिघेही एकाच माणसाच्या आवाजात आणि एकाच हिंदीत बोलतात. गावातली म्हातारी सिरियलमधल्या सासूसारखी बोलते. तमिळ न कळताही मूळ आवाजात कळतं की हा माणूस वेगळ्या भागातला आहे, तो बोलला की समोरच्याचा चेहरा बदलतो. आणि हे आपल्याला कोणी शिकवायला नको, आपण खानदेशी. मराठी सिनेमात गावचा माणूस म्हटला की तो सातारा-कोल्हापूरकडचंच बोलणार, मग गाव सिनेमात चोपड्याचं असो नाहीतर रावेरचं. आपल्याकडचं पात्र मुळात येत नाही, आलंच तर चेष्टेला. म्हणून म्हणतो सबटायटल वाचायची सवय लावा, पंधरा मिनिटं त्रास होतो, मग आपण वाचतोय हे लक्षातही राहत नाही. आमच्या घरी तर आता मराठी बातम्या लागल्या तरी मुलगी खाली बघते.

'कुली'बद्दल विचाराल तर, हिंदीत बघितला तरी सांगतो, पाहुणे फार झाले. नागार्जुन, उपेंद्र, आमिर खान, प्रत्येकाला प्रवेश हवा, प्रत्येकाला स्लो मोशन, आणि या सगळ्यांची सरबराई करता करता गोष्ट स्वयंपाकघरातच राहिली. सौबिन शाहिर मात्र कमाल, त्या माणसाने पिक्चर खिशात घातला. तमिळ सिनेमा म्हणजे हेच असं समजून जे लोक बोलतात ना त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्यांनी 'मेय्यळगन' बघावा.

आता 'मेय्यळगन'. २०२४ चा, दिग्दर्शक प्रेमकुमार, ज्यांनी '९६' केला होता तेच. जमिनीच्या भाऊबंदकीत घर गेलं म्हणून तंजावर सोडून चेन्नईला गेलेला माणूस, अरविंद स्वामी, वीसेक वर्षांनी चुलतबहिणीच्या लग्नाला परत येतो. रात्रीच परत निघायचं ठरवून. (तंजावर म्हटलं की आपले कान टवकारतात, १६७६ पासून व्यंकोजीराजांचं घराणं तिथे, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे रुमाल आहेत, यावर मी तासभर बोलू शकतो पण बायकोने शपथ घातलीय.) तर लग्नात त्याला एक नातेवाईक चिकटतो, कार्ती. एवढा जीव लावतो, जेवायला वाढतो, हात सोडत नाही, आणि आपल्या पाहुण्याला याचं नावच आठवत नाही! आणि विचारायची चोरी. आपल्यातल्या प्रत्येकावर हा प्रसंग आलाय, लग्नात कोणीतरी "ओळखलं का?" म्हणून समोर उभा राहतो आणि आपण "वा, असं कसं, काय म्हणतंय घर" करत वेळ काढतो. प्रेमकुमारने त्यावर अख्खा सिनेमा उभा केला. बहीण स्टेजवरच त्याने आणलेली दागिन्यांची भेट उघडते तो सीन मी बघताना कांदा चिरायला घेतला होता, म्हणजे विचारलं तर कारण असावं.

यात गाडी कुठाय? सांगतो. शेवटची बस चुकते, म्हणून पाहुण्याला त्या पोराकडे, म्हणजे कार्तीकडे, रात्र काढावी लागते. बस मिळाली असती तर सिनेमाच नव्हता. आणि दुसरी गाडी म्हणजे सायकल. पाहुण्याचं कुटुंब गाव सोडताना एक जुनी सायकल मागे टाकून गेलं होतं, त्यांच्या लेखी अडगळ, आणि त्याच सायकलीवर या पोराच्या घराचे दिवस पालटले. देणाऱ्याला आपण दिलं हेच माहीत नाही. आणि या सिनेमाचं पुढे काय केलं माहितीय? रिलीज झाल्यावर लोक म्हणाले लांबला, म्हणून जवळजवळ अठरा मिनिटं कापली. त्यात जल्लिकट्टूवरचं, म्हणजे तिकडच्या बैलांच्या खेळावरचं, बोलणं गेलं. मला विचाराल तर रात्री गच्चीवर दोन माणसं बसली की विषय भरकटणारच, तेच तर खरं असतं, तुम्ही आत्ता माझंच बघताय ना.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. पुढे हॉल सुगम संगीताला दिलाय म्हणे. मग भराभर सांगतो, खरं बोलायचं ते हेच होतं.

'कोट्टुकाळी', २०२४, दिग्दर्शक पी. एस. विनोदराज. पार्श्वसंगीत नाहीच, शून्य. एका मुलीचं खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम आहे, घरच्यांना वाटतं करणी झालीय, म्हणून भगताकडे न्यायचं. अख्खं खानदान निघतं, ऑटोत आणि मोटारसायकलींवर. मुलगी मध्ये कोंबलेली, आजूबाजूला नातेवाईक, जोडीला बळीचा कोंबडा, आणि ती जवळजवळ बोलतच नाही. ऑटो वळवायची तर पुरुष ती उचलून फिरवतात, मुलगी आत तशीच. म्हणजे तिला उतरायलाही कोणी सांगत नाही, सामानच आहे ती. मग पुढे रस्त्यात बैल आडवा येतो आणि हे मिशीवाले सगळे हतबल. एक चिमुरडी येते, बैलाला बाजूला नेते, संपलं. सूरी इतकी वर्षं विनोदी कामं करणारा नट, इथे त्याचा घसा बसलाय, गळ्याला चुना फासलाय, आणि त्या बसक्या आवाजातून जो राग येतो त्याने भीती वाटते.

'कर्णन', २०२१, मारी सेल्वराज. गावाला बस थांबत नाही. बस. म्हणजे, तेवढंच! गाव दलितांचं आहे आणि बस थांबत नाही. गरोदर बाई ताटकळत उभी, बस निघून जाते, तिचं पोरगं दगड उचलतं. आपल्याकडे एसटीवर 'हात दाखवा, बस थांबवा' लिहिलेलं असायचं, मला ते आठवलं. हात कोणाचा आहे यावर थांबणं ठरतं हे ज्याने भोगलंय त्यालाच असा सिनेमा सुचतो.

आणि 'वाळै', २०२४, पुन्हा मारी सेल्वराज, स्वतःच्या लहानपणावरचा. हा तर आपल्या जळगाव जिल्ह्यात फुकट दाखवायला पाहिजे. वाळै म्हणजे केळी. शाळकरी पोरगं, मित्राशी रजनी की कमल यावर भांडणारं, सुट्टीच्या दिवशी आई-बहिणीबरोबर केळीचे घड वाहायला जातं. तो घड डोक्यावर, चिखलातून चालताना मान कशी वाकडी होते, ते कॅमेरा इतक्या जवळून दाखवतो की सावदा-रावेरकडच्या माणसाला आपलीच मान दुखतेय असं वाटेल. मजूर घडामागे एकाचे दोन रुपये मागतात. मिळतात. मग व्यापारी तो खर्च कुठून काढतो? मजुरांना वेगळी गाडी कशाला, बसा त्याच लॉरीत, भरलेल्या मालावर. पुढचं सांगत नाही. सांगायची गरज पण नाही, फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या यावल तालुक्यात किनगावला पपईचा ट्रक उलटला होता, मजूर मालासकट त्यातच होते, पंधराएक माणसं गेली, बहुतेक रावेरकडचीच. पेपरात आलं, चार दिवस हळहळ झाली. आपल्याकडे किती जणांनी त्यावर गोष्ट लिहिली? नागराजचा 'फँड्री' २०१३ चा, त्यानंतर एवढ्या जवळ जाऊन बघणारे मोजकेच.

झालं, झालं, आवरतो. 'लब्बर पंदु' राहिला, रबरी बॉलचं क्रिकेट, कोणाला टीममध्ये घेतात आणि कोणाला नाही यावर. विजयकांतचं जुनं गाणं लागतं आणि चाळिशीचा बॅट्समन मैदानात उतरतो, घरी बायको वैतागलेली. यात गाडी फारशी नाही, थिअरीत बसत नाही, तरी बघा, मला थिअरीपेक्षा तो सिनेमा जास्त आवडतो. 'बायसन'वर बोलायचं होतं, तो कबड्डीवाला, पण संगीतवाले दारात तबला घेऊन उभे आहेत. प्रश्न असतील तर दोन घेऊ. हां, मागचे काका, बोला. नाही हो काका, 'बाहुबली' तेलुगू.