किलोच्या भावाने ड्वोर्झाक

श्रोतेहो, नमस्कार.

पाश्चात्त्य सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची रचना, ऐकायची तर हाताशी पैसा हवा, असं ठाण्यातले माझे बरेच स्नेही मानतात. मला ते मुळीच पटत नाही. पैसा थोडाच लागतो. वेळ लागतो, रद्दीवाल्याशी ओळख लागते आणि कव्हर बघून भुलायचं नाही, ही सवय लागते. हे शेवटचं लक्षात ठेवा. कव्हर नव्हे, तबकडी बघायची.

या तबकड्या स्वस्त का मिळतात, ते थोडक्यात सांगतो. जुन्या ध्वनिमुद्रणाचा खर्च केव्हाच निघालेला असतो. मग कंपन्या तेच मुद्रण पुन्हा कमी किमतीत काढतात. सीडी आल्यावर १९८७ मध्ये हाँगकाँगमध्ये क्लाउस हायमान यांनी नॅक्सॉस ही कंपनी काढली. नामवंतांच्या मागे न जाता त्यांनी ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट इथले वाद्यवृंद घेतले, वादकांना एकरकमी मानधन दिलं आणि बड्या कंपन्यांपेक्षा कितीतरी कमी किमतीत सीडी विकल्या. त्या वादकांच्या घराण्यात हे संगीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. वाजवण्यात खोट कशी असेल? म्हणून सांगतो, प्राग, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट ही नावं दिसली की तबकडी उचला.

आता प्रागच्याच एका तबकडीची गोष्ट.

१९९४ चा जुलै. जांभळी नाक्याच्या आत एक रद्दीचं दुकान होतं, तिथे मी नेहमी जायचो. त्या सुमाराला घरोघरी लोक रेकॉर्ड प्लेअर मोडीत काढत होते. त्या दिवशी पाऊस असा, की छत्री असून नसल्यासारखी. दुकानदारांनी मला बघितलं आणि ओट्यावरचं एक गाठोडं सोडलं. "साहेब, तुमचा माल आलाय." अकरा तबकड्या. त्यांनी त्या कव्हरांसकट तराजूत घातल्या, पलीकडे लोखंडी वजनं टाकली. सव्वादोन किलो. आठ रुपये किलो. अठरा रुपये!

वरचंच कव्हर सुप्राफोन या चेक रेकॉर्ड कंपनीचं. चेक संगीतकार ड्वोर्झाकची नववी सिंफनी, 'नव्या जगातून'. चेक फिलहार्मोनिक, संचालक कारेल आंचेर्ल. १९६१ चं मुद्रण. श्रोतेहो, माझे हात थरथरले. आंचेर्ल यांना नाझींनी आधी टेरेझीनच्या आणि मग आउश्वित्झच्या छळछावणीत नेलं. बायको आणि तान्हा मुलगा तिथेच गेले, हे एकटे परत आले आणि १९५० पासून १८ वर्षं त्यांनी हा वाद्यवृंद सांभाळला. आणि वाद्यवृंद कुठला? ज्याची पहिली मैफल १८९६ मध्ये खुद्द ड्वोर्झाकनी चालवली होती, तो. असा ऐवज किलोवर! मी पैसे दिले, गाठोडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि घरी पळालो.

घरी येऊन कव्हरात हात घातला, तर आत नाट्यसंगीत.

दुकानातच बघायला हवं होतं. पावसाच्या घाईत बघितलं नाही. कव्हर नव्हे, तबकडी, हे मी तुम्हाला म्हणूनच परत परत सांगतो आहे.

रात्रभर डोक्यात एकच. नाट्यसंगीत या कव्हरात आलं, तर ड्वोर्झाक नाट्यसंगीताच्या कव्हरात असणार. सकाळी परत दुकान गाठलं. ते म्हणाले, "चरईतल्या वाड्यातून आणलं. पिंपळाजवळचा."

वाड्यात एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मी पिशवीतून तबकडी काढली आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. "अरे, ही माझी! दोन दिवस शोधतेय. सूनबाईनं ह्यांच्या इंग्रजी रेकॉर्डी काढल्या, त्यात ही पण गेली होय?" ह्यांच्या, म्हणजे आजोबांच्या. कंपनीनं त्यांना प्रागला शिकायला पाठवलं होतं, येताना बॅगेत कपडे कमी आणि रेकॉर्डी जास्त होत्या. आजी उठल्या, फडताळातून नाट्यसंगीताचं कव्हर काढलं. आत सुप्राफोनचं लेबल.

मी म्हटलं, "आजी, अदलाबदल करू या." त्या म्हणाल्या, "थांब, आधी एकदा लाव. दर रविवारी ते लावायचे आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची, बंद करा म्हणून. नीट ऐकलीच नाही कधी."

प्लेअर अजून चालू होता. मी पहिलीच बाजू लावली, त्यावर पहिले दोन भाग आहेत. दुसरा भाग लार्गो, म्हणजे अगदी संथ लयीतला. आधी पितळी वाद्यांचे धीरगंभीर स्वर, मग तंतुवाद्यं दबक्या आवाजात, आणि त्यांवर इंग्लिश हॉर्नची, म्हणजे सनईसारख्या एका फुंकवाद्याची, ती एकटी धून. आजींनी निवडायला घेतलेली गवार ताटातच राहिली. भाग संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "हे तर भजनासारखं आहे रे. मला कुणी सांगितलं नाही."

ही सिंफनी १८९३ मधली, न्यूयॉर्कला लिहिलेली. त्याच वर्षी आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. मला फार वाटतं, आपल्या प्रत्येक ग्रंथालयात पुस्तकांच्या बाजूला तबकड्यांचं एक कपाट आणि ऐकायची एक खोली असावी. वाडे पडतात, नव्या घरात जागा नसते, आणि आयुष्यभर जमवलेलं तराजूत जातं. आणखी एक. ड्वोर्झाकला आगगाड्यांचं विलक्षण वेड, प्रागच्या स्टेशनावर तो इंजिनं बघायला जायचा. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे आली, त्या गावाला हा माणूस परका वाटूच नये!

वेळ कमी आहे, म्हणून कामाचं भराभर सांगतो. तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. बारीक रेघा चालतात, नखाला लागणारा ओरखडा चालत नाही. मोनो, म्हणजे स्टिरिओ नसलेलं, एकाच वाहिनीचं मुद्रण, असं लिहिलंय म्हणून परत ठेवू नका, कित्येक थोर मुद्रणं मोनोच आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीला सुई वेगळी लागते. अनेक तबकड्यांचा खोक्यातला संच असेल तर आतल्या तबकड्या मोजा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी येतेच, ती साबणाच्या एका थेंबाने, मऊ फडक्याने, रेषांच्या दिशेने गोल पुसा, लेबल भिजू देऊ नका. तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. आणि सगळ्यात आधी काय? कव्हर नव्हे, तबकडी.

ती चरईची तबकडी आज मी सोबत आणली आहे. लार्गो ऐकू या. सुरुवातीला थोडी खरखर येईल, इंग्लिश हॉर्न सुरू होईपर्यंत ती जाते.