राजीनामा टेबलावर येण्याआधी

समोर प्राचार्य आहेत, संस्थांचे पदाधिकारी आहेत, म्हणून थेट विषयाला हात घालतो. आपल्या सोलापुरात शिकवणारा चांगला माणूस पुण्याला का जातो, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, पगार. खासगी विद्यापीठांच्या बाबतीत ते काही अंशी खरंही आहे. पण अनुदानित कॉलेजातल्या कायम प्राध्यापकाचं बघा. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाची सुरुवात लेव्हल १० ला, मूळ वेतन ५७,७००. पुण्याच्या सरकारी विद्यापीठात तेच, केगावला आपल्या सोलापूरच्या विद्यापीठात तेच. घरभाडे भत्त्याचा दर तिकडे जास्त, पण तिथलं भाडंही तसंच. तरी आपली माणसं सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून मुलाखतीला जातात.

अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठांत पगार माणसागणिक ठरतो. दुसरीकडून बोलावणं आलं की विभागप्रमुख डीनकडे धावतो. पगार वाढतो, प्रयोगशाळेला पैसे मिळतात, कधी जोडीदाराच्या नोकरीचंही बघतात. यातली खोट अशी की मागायचं असेल तर आधी बाहेरचं पत्र आणावं लागतं, आणि जो निष्ठेने थांबला त्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून तिथले जाणते लोक पत्र यायच्या आधीच हालचाल करतात. वेतनश्रेणी आपल्या हातात नाही, पण ही आधीची हालचाल नक्की आहे.

ती सुरू होते कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकाच्या पदोन्नतीच्या, फाईलपासून. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. झालेला सहायक प्राध्यापक चार, मग पाच, मग तीन अशा १२ वर्षांत सहयोगी होऊ शकतो. हे कागदावर. प्रत्यक्षात समितीची तारीख मिळत नाही, एक प्रमाणपत्र कमी निघतं, फाईल परत येते. माझी स्वतःची फाईल एका संस्थेच्या कपाटात अडीच वर्षं पडून होती. थकबाकी पुढे मिळाली. पण त्या अडीच वर्षांत मी दोन जाहिराती कापून ठेवल्या होत्या, ज्या एरवी वाचल्याही नसत्या. घरी बायकोला दाखवल्या, तेव्हा मी मनाने निम्मा गेलेलोच होतो.

काही संस्था दुसरीकडे अर्ज करायला लागणारं ना हरकत प्रमाणपत्रच अडवतात. कृपा करून हे करू नका. अडवलेला माणूस मस्टरवर सही करतो, तास घेतो, आणि नवं काही सुरू करत नाही. नियमात बसत असेल तर धारणाधिकार, म्हणजे मूळ जागेवरचा हक्क, ठेवून त्याला जाऊ द्या. परतीचं दार उघडं असलं तर माणूस परत येतोही.

तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणारी तरुण मुलं जातात, त्याला तर आपण सोडून जाणं म्हणतच नाही. मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. उद्याचे प्राध्यापक तेच आहेत.

आता आपल्याकडे जे आहे आणि पुण्याकडे नाही, त्याबद्दल. २००४ साली एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं तेव्हा लोकांना ते लहान वाटलं. पण याच जिल्ह्यात नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. चादरी-टॉवेलच्या रंगाईचं सांडपाणी आहे, रसायनशास्त्रवाल्याला जन्मभर पुरेल एवढं. आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका गल्लीत ऐकू येतात, असं शहर भाषेच्या अभ्यासकाला कुठे मिळणार? ज्याच्या दहा वर्षांच्या नोंदी या मातीतल्या आहेत, तो त्या सुटकेसमध्ये घालून नेऊ शकत नाही. मात्र त्या नोंदी घ्यायला त्याला वेळ लागतो. आठवड्याचे १६ तास, वर नॅकच्या मूल्यांकनाचं काम, परीक्षा, प्रवेश, आणि रिक्त जागेवरच्या माणसाचं कामही त्याच्याच डोक्यावर.

माझ्या ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाई आहेत. नान्नजकडच्या माळावरचं गवत नऊ वर्षं मोजत होत्या. पुण्याहून बोलावणं आलं. प्राचार्यांनी बोलावून विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला इथे काय कमी पडतं?’ त्यांनी पगाराचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, ‘शनिवार मोकळा द्या, आणि पावसाळ्यात महिन्यातून दोनदा कॉलेजची गाडी.’ वेळापत्रक त्याच संध्याकाळी बदललं. बाई अजून माळावर जातात, आता त्यांच्याबरोबर तीन पीएच.डी.चे विद्यार्थी असतात.