‘उसण भरली’ म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

जिममध्ये बेंच प्रेस मारणाऱ्या पोराकडे एकदा नीट बघा. वजन छातीवरून वर न्यायची वेळ आली की तो गाल फुगवतो, श्वास कोंडतो. चेहरा लालबुंद, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. शेजारी उभा असलेला ओरडतोय, ‘अजून एक, अजून एक!’

या घडीला त्याचा रक्तदाब किती असेल? 1985 साली कॅनडातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी तो मोजला, तोही पट्टा बांधून नव्हे, तर थेट दंडाच्या धमनीत नळी घालून. पाच कसलेले बॉडीबिल्डर होते. दोन्ही पायांनी वजन ढकलताना त्यांचा दाब सरासरी 320/250 पर्यंत चढला. एकाचा तर 480/350 च्याही वर गेला. आणि आपण 140/90 दिसलं तरी काळजीत पडतो! आवळलेले स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबून धरतात, त्यात कोंडलेल्या श्वासानं छातीतला दाब वाढतो. सेट संपला की हाच दाब झर्रकन उतरतो, म्हणून काहींना भोवळ येते.

निरोगी रक्तवाहिन्या हे सोसतात. पण हृदयातून निघणारी महाधमनी कुणाची आधीच फुगलेली असते, कुणाचा बीपी वर्षानुवर्षं कळलेलाच नसतो. अशा वेळी तिचं आतलं अस्तर फाटतं आणि रक्त तिच्या थरांमध्ये घुसतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर एकेक तास मोलाचा असतो.

माझी खरी तळमळ इथंच आहे. वजन उचलताना छातीत किंवा पाठीत, खांद्यांच्या मधोमध, चिरत गेल्यासारखी कळ आली की आपण म्हणतो, ‘उसण भरली, बाम चोळ.’ महाधमनी फाटल्याची कळ मात्र बहुतेकदा पहिल्या क्षणापासूनच असह्य असते. मग थोडी ओसरली तरी फसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. ईसीजी चांगला आला तरी ‘वजन उचलताना सुरू झालं’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. निदान सीटी स्कॅनमध्ये होतं.

व्यायाम सोडू नका. मध्यम वजनाच्या नियमित व्यायामानं बीपी उलट थोडा उतरतो. वजन वर नेताना तोंडानं श्वास सोडा, खाली आणताना घ्या. स्टेरॉइडची इंजेक्शनं कुणी कितीही आग्रहानं देऊ केली तरी नको म्हणा. त्यांनी बीपी चढतो, हृदयाची भिंत जाड होते. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, कुणाची महाधमनी फुगलेली निघाली असेल, तर जड वजनांना हात लावण्याआधी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, करून घ्या.

नमस्कार.