फळ्यापाशी उभं राहण्याआधी

(दृश्य : तालुक्याच्या गावातली शाळा. सतरंजीवर गोल करून बसलेले पंधरा-वीस जण.)

या खोलीतले सगळे मोठ्या माणसांच्या साक्षरता वर्गात शिकवणारे आहेत, आज स्वतः प्रशिक्षणाला आलेले. कुणी अंगणवाडी ताई, कुणी बचत गटाची सचिव, कुणी नुकताच बारावी झालेला. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी आहे. तिच्यावर चार ओळी, कन्नड लिपीत. प्रशिक्षक म्हणतात, "उभं राहून मोठ्यानं वाचा."

कुणी उठत नाही. कुणी हसतं, कुणी शेजारणीच्या चिठ्ठीत डोकावतं. एक दादा म्हणतात, "चष्मा विसरलो."

साक्षरता वर्ग घेणाऱ्या प्रत्येकानं ही सबब ऐकलेली असते. आज ती स्वतःच्याच तोंडून आली.

(दृश्य : संध्याकाळचा वर्ग. पाटीवर वाकलेल्या बाया.)

मोठ्या माणसांना शिकवणं म्हणजे पहिलीचा वर्ग संध्याकाळी भरवणं नव्हे. समोरच्या मावशींनी चाळीस वर्षं आठवडी बाजारात भाजी विकली आहे. पाव किलो मिरचीचे पैसे त्या तोंडी सांगतात, आपण मोबाइल काढेपर्यंत. हिशेब त्यांना येतोच. येत नाही ती आकड्याची खूण. मग सुरुवात नोटेपासून, वजनमापापासून, एसटीच्या पाटीपासून करायची. हे माहीत नसलेला एक ते शंभर घोकायला लावतो आणि चौथ्या दिवशी मावशी येत नाहीत.

अक्षरांचंही तसंच. 'अ' काढायला अवघड. 'ग म भ न' सोपी, एकाच वळणाची. लगेच 'मन', 'नग', 'गगन' असे शब्द जुळतात. किंवा ओळखीचा शब्दच आधी घ्यायचा, पाणी, मजुरी, रेशन, आणि मग त्यातली अक्षरं सोडवायची. खुरप्याला सरावलेला हात पेन्सिलीवर जोर देतो, टोक मोडतं, बाई ओशाळतात. त्या हाताला आधी खडू द्यावा, फरशीवर मोठं मोठं गिरवू द्यावं. आणि पुष्कळदा अडचण अक्षराची नसतेच, चाळिशीची असते. जवळचं दिसत नाही, पण सांगायचं कसं? अशा वेळी पुस्तकाआधी डोळे तपासून घ्यावे लागतात.

(दृश्य : गुलाबी नऊवारीतल्या आजी, खांद्याला दप्तर.)

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायकांची शाळा. शिवचरित्राचं वाचन ऐकता ऐकता त्यांना वाटलं, आपल्यालाही वाचता यायला हवं होतं. ही ओढ वर्गात टिकवून धरणं, हे शिकवणाऱ्याचं खरं कौशल्य.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साधारण चौघींपैकी एक निरक्षर होती. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला केंद्र सरकारचा 'उल्लास' साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरच्या अशा सगळ्यांसाठी आहे आणि तो स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभा आहे. मानधन नाही. म्हणूनच प्रशिक्षणाचा निरोप आला की मन कचरतं. दिवसाचा रोज बुडतो, एसटी चुकते. शिवाय वाटतं, मला वाचता येतं, त्यात शिकायचं काय?

तक्रार खोटी नाही. काही प्रशिक्षणं भाषणं आणि सह्या यांतच संपतात. तरीही ताई, दादा, जा. आपल्या वर्गातली एक अडचण वहीत लिहून न्या आणि तिचं उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. सावित्रीबाईंनीही अहमदनगरला आणि पुण्याला अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. १८५५ मध्ये जोतीरावांनी आणि त्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली.

(दृश्य : पुन्हा तीच खोली. चहाची वेळ.)

एक ताई विचारते, "माझ्या वर्गात सासू-सून दोघी येतात. सुनेला झटकन येतं, मग सासू गप्प होते. काय करू?"

पलीकडच्या गावची ताई कप खाली ठेवते. "माझ्याकडेही तसंच होतं. मी सासूबाईंना जात्यावरची ओवी म्हणायला लावली. ती जशीच्या तशी फळ्यावर लिहिली. ओवी त्यांना पाठच होती. एकेका शब्दावर बोट ठेवत त्यांनीच वाचली, सुनेच्या आधी."

पहिली ताई पिशवीतून वही काढते.

"थांबा. लिहून घेते."