पाल पडते तेव्हा

(दृश्य: गिरगावातल्या चाळीची गॅलरी. दिवेलागण. ट्यूबलाइटभोवती पावसाळी किड्यांची झुंबड.)

पहिला पाऊस पडून गेलाय. ट्यूबलाइट लागली की पट्टीमागून ही बाहेर येते. किडा टप्प्यात येईपर्यंत गपचूप पडून राहते. आणि मग... गेला किडा. डोळ्यावर धूळ बसली तर जिभेनेच पुसते. पापण्या कुठायत तिला!

चाळीत पालीला कुणी पाळत नाही आणि मनावर घेऊन हाकलतही नाही. अंगावर पडू नये, एवढीच अपेक्षा. पडलीच, तर पंचांग काढायचं. त्यात पल्लीपतनाचं कोष्टकच असतं: डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय. पुरुषांचं फळ वेगळं, बायकांचं वेगळं. जिच्या अंगावर पाल पडली तिचं काय होणार, याचा आपण केवढा खल केलाय. पडताना पालीचं काय होतं, ते मात्र विचारायचं राहून गेलं.

(दृश्य: छताला उलटी चिकटलेली पाल. कॅमेरा अगदी जवळ.)

ते विचारलं आर्डियन जुसुफी या शास्त्रज्ञाने. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, रॉबर्ट फुल यांच्या प्रयोगशाळेत. प्रयोगाला घेतली आग्नेय आशियातली चपट्या शेपटीची घरपाल. आपल्या भिंतीवरच्या पालीची चुलत बहीणच म्हणा. वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम.

पाल छताला असते तशीच, पाठ जमिनीकडे. सुटली, की वेगवान कॅमेरा चालू. नुसत्या डोळ्यांना दिसतं ते एवढंच: पडली आणि चार पायांवर आली. चित्रण संथ केल्यावर शेपटीचं काम कळलं. पाल आधी शेपूट अंगाशी काटकोनात आणते. मग शेपूट एका बाजूला गरकन फिरवते, आणि त्याच्या उलट दिशेने अख्खं अंग वळतं. मांजर कंबर पिळून वळतं. पालीची सगळी मदार शेपटीवर. हे सगळं साधारण एक दशांश सेकंदात. शेपूट गळालेल्या पालींना मात्र ही गिरकी पुरी करता येईना.

हा शोधनिबंध 2008 साली प्रसिद्ध झाला. मला त्यातला भिंतीचा प्रयोग जास्त आवडतो. उभ्या भिंतीवर मध्येच एक गुळगुळीत पट्टा ठेवला होता. पाल सरसर चढत आली, पुढचा पाय घसरला, डोकं भिंतीपासून सुटायला लागलं. त्या क्षणी शेपटीचं टोक भिंतीवर दाबलं गेलं आणि तोल सावरला. लोकलमध्ये अचानक ब्रेक लागल्यावर दारातला गडी पाठ दांड्याला टेकवतो ना, तसं. शेपूट म्हणजे पाचवा पायच.

पालीच्या पायांचं कौतुक सगळ्यांना ठाऊक असतं. बोटांवर लाखो सूक्ष्म केस, गोंद नाही की चिकट द्रव नाही. शेपटीकडे कोण बघतो! ती तुटून वळवळली, की तेवढ्यापुरती आठवण.

पुढे जुसुफी आणि त्यांचे सहकारी सिंगापूरच्या जंगलात गेले. तिथे हीच पाल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेते, तीही ताशी 20 किलोमीटरच्या घरातल्या वेगाने, आणि खोडावर चक्क डोक्याने आपटते. पुढचे पाय सुटतात, धड मागे कलंडतं, पण मागचे पाय आणि शेपूट तिला धरून ठेवतात. शेपूट नसलेल्या बहुतेक पाली खाली गेल्या. हे 2021 साली छापून आलं.

(दृश्य: पुन्हा गॅलरी, मग स्वयंपाकघर.)

आता आपल्या ट्यूबलाइटवालीकडे बघा. हिची शेपूट आखूड, टोकाला बोथट. महिन्याभरापूर्वी दाराच्या फटीत अडकली, आणि तिने ती तिथेच सोडून दिली. शेपटीच्या मणक्यांमध्येच तुटायची जागा ठरलेली असते. नवी फुटतेय, पण तिच्यात मणके नसतील, नुसती कूर्चेची दांडी.

आत काकूंनी कुकर लावलाय. वाफेने ओट्यावरच्या टाइल्स ओल्या झाल्यात, आणि ओल्यावर पालीच्या बोटांची पकड सुटते. एक झुरळ दिसलं, म्हणून ही तिकडे वळली.

पहिल्या टाइलवर निभावलं. दुसरीवर पाय सरकला. आखूड शेपूट भिंतीकडे गेली, पण भिंतीला पोचलीच नाही.

टप्.

"पडली गं बाई, पाल पडली!" काकू पंचांग शोधायला आत. कुणाच्या अंगावर पडली नव्हती खरं तर. ओट्यावर, पोळपाटाशेजारी पडली होती. कुशीवर.