हात धुतले, फोन राहिला

(मिरजेत परिचारिका आणि वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सिस्टर, ब्रदर, मावशी, मामा, सगळ्यांना नमस्कार.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय उभं केलं. तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं गाठोडं बांधून मिरजेला येतात. बरं होऊन जायचं म्हणून येतात. इथून नवा आजार घेऊन कुणी जाऊ नये, एवढ्यासाठी मी आज उभी आहे.

माझीच चूक सांगते. एका रुग्णालयात ड्युटीवर होते. मधुमेहाच्या पेशंटच्या पायाचं ड्रेसिंग चाललं होतं. हात नीट धुतले होते, ग्लोव्हज घातले होते, पट्टी सोडली होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलीच्या शाळेतून असेल म्हणून ग्लोव्हजच्या हातानंच उचलला, दोन शब्द बोलले, खिशात टाकला आणि पुन्हा फोर्सेप्स, म्हणजे ड्रेसिंगचा चिमटा, धरली. त्या वेळी काही वाटलंसुद्धा नाही. रात्री तोच फोन गालाशी धरून मुलगी झोपली होती. तेव्हा काळजात धस्स झालं. जखमेतलं घरी आलं होतं, आणि खिशातलं जखमेत गेलं होतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस, अॅसिनेटोबॅक्टर हे जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे, कधी महिनेही तग धरतात. फोन तर हाताच्या उबेत, घामात असतो. एखाद्या पेशंटला फोनमुळेच संसर्ग झाला, हे बोट ठेवून सिद्ध करणं अवघड असतं, हेही खरं. पण फोनवरचं हातावर येतं आणि हात पेशंटला लागतो, एवढं पुरेसं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं हात कधी स्वच्छ करायचे याचे पाच प्रसंग सांगितले आहेत. त्यात फोनचा वेगळा उल्लेख नाही, म्हणून आपण स्वतःच ठरवायचं: फोनला हात लागला की पेशंटला हात लावण्याआधी हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण.

आता फोन पुसायचा कसा? आधी बंद करा, चार्जरवरून काढा. मग कव्हर काढा. कव्हरच्या आत स्वामींचा फोटो, घडी घातलेली दहाची नोट, एसटीचा पास असतो, आणि कडेनं काळपट चिकट रेघ असते. ती रेघ नखानं खरवडून बघा. आपण वरवर काच पुसतो आणि ती महिनोन् महिने तशीच राहते. साधं सिलिकॉनचं कव्हर साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या.

फोनला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वाइप वापरा. नव्वदच्या वरचं जास्त जालीम असेल असं वाटतं, पण तसं नाही. जंतूंची प्रथिनं मोडायला पाणीही लागतं, आणि नुसतं अल्कोहोल फार लवकर उडून जातं. वाइप नसेल तर कापसाचा बोळा याच ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवून घट्ट पिळा. फोनवर थेट फवारू नका, चार्जिंगच्या भोकात ओल जाता कामा नये. आधी काच, मग कडा, बटणं, शेवटी पाठ. मग ओला फोन आपोआप वाळू द्या. कृपा करून पदरानं किंवा एप्रननं पुसू नका, सगळी मेहनत वाया जाते. फरशी पुसायचं हायपो, म्हणजे ब्लीचचं द्रावण, तर फोनला अजिबात नको. आणि सी. डिफिसिल या जंतूमुळे जुलाब झालेला पेशंट असेल, तर त्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचातलं चिवट रूप, अल्कोहोलनं मरत नाहीत. तिथं फोन खोलीबाहेर ठेवायचा आणि हात साबण-पाण्यानं धुवायचे.

ड्युटीवर येताना, जेवणानंतर आणि घरी निघताना पुसा. टॉयलेटमध्ये फोन नेऊच नका.

मला सगळ्यात काळजी वाटते ती वॉर्डच्या सामायिक मोबाइलची. तो सगळ्यांच्या हातात फिरतो आणि कुणाचाच नसतो, म्हणून कुणी पुसत नाही. ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपवून पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, औषधांचा हिशोब देतो, तसाच तो फोन पुसून द्या. घेणाऱ्या सिस्टरनं विचारायचं, "पुसलाय का?" आणि रजिस्टरमध्ये सही करायची. आज दुपारच्या ओव्हरपासून सुरू करूया.