राणीबागेतला मोडका हत्ती आणि मातीची मुंबई

राणीबागेत शिरलं की पोरं थेट पेंग्विनकडे पळतात. आपण आधी इथल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, या दगडी हत्तीपाशी थांबू.

हा मूळचा घारापुरीचा. याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलतानाच क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. मोडक्या हत्तीला विलायतेत कोण विचारतो! तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये जोडले गेले.

काळ्या घोड्याचा पुतळाही इथंच आहे. १९६५ मध्ये त्याला स्वारासकट, म्हणजे सातव्या एडवर्डसकट, फोर्टातून उचलून आणलं. तिथल्या चौकाला नाव मात्र अजून घोड्याचंच.

खुद्द संग्रहालयाचीही हीच गत. त्याचा पहिला संसार फोर्टातल्या बराकीत होता. १८५७ मध्ये पलटणीला जागा लागली आणि वस्तू भराभर बाहेर निघाल्या. मग डॉ. जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड नव्या इमारतीच्या मागे लागले. २ मे १८७२ रोजी भायखळ्याची ही वास्तू खुली झाली, ती राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा अल्बर्ट यांच्या नावानं. भाऊ पेशानं डॉक्टर, पण नाद जुनी नाणी जमवण्याचा, अजिंठ्याचे शिलालेख वाचण्याचा. त्यांचं नाव इमारतीला लागायला १९७५ उजाडलं.

तळमजल्यावर अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे. त्याला ओलांडून वर चला.

इथं काचेच्या कपाटांत मुंबई उभी आहे, वीतभर उंचीची, मातीची. नाना जातीजमातींची, नाना धंद्यांची माणसं. कोण कुठला, हे पागोट्यावरून ओळखायचं. माणसांची अशी जातवार मांडणी ही साहेबी नजर, आणि ती खटकतेच. पण मातीत हात घालणाऱ्यानं मन लावून काम केलंय. पगडीचा पीळ बघा, धोतराच्या निऱ्या बघा. त्या काळातल्या फोटोंत सापडतात ते बहुतेक शेठ आणि साहेब. ज्यांना फोटो परवडत नव्हता, त्यांचे कपडे बघायचे तर इथं यावं लागतं.

शेजारच्या कपाटांत पारशांच्या दखम्याची, म्हणजे ते मृतदेह ठेवतात त्या जागेची, प्रतिकृती आहे. दखम्यात बाहेरच्यांना प्रवेश नसतो, त्यामुळे आतली रचना कळायला ही प्रतिकृतीच उपयोगी. तिच्यापाशी घाई करू नका.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा. बुधवारी मात्र येऊ नका, त्या दिवशी बागही बंद असते आणि संग्रहालयही.